डबा करायचा बाकी आहे

खानदेशात पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला नाना, आप्पा, बापू यांपैकी काहीतरी व्हावंच लागतं. त्यांतल्या ज्याच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर असतो, बोटांवर सोल्डरच्या चटक्यांचे जुने डाग असतात आणि जो पाहुण्यांकडे गेल्यावर चहा यायच्या आत त्यांच्या पंख्याचा कंडेन्सर गेल्याचं जाहीर करतो, ते आपले नाना. जळगावचे असतील तर त्यांचे पाय आपोआप गोलाणी मार्केटकडे वळतात, धुळ्याचे असतील तर आग्रा रोडकडे. मुंबईला लग्नाला गेले, की अक्षता टाकून गायब होतात आणि पंगती उठल्यावर लॅमिंग्टन रोडवरून पिशवी भरून परततात. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना लोटला, हे त्यांना ठाऊक नाही. पण तिथं बारा-झिरो-बाराचा ट्रान्सफॉर्मर कुठल्या गाळ्यात स्वस्त मिळतो, ते झोपेतही सांगतील.

नानांची कारकीर्द माठापासून सुरू झाली. कॅसेटच्या जमान्यात टीबीए ८१० या आयसीवर ॲम्प्लिफायर बांधायचा आणि स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा ठेवायचा, म्हणजे बास घुमतो, हा शोध तेव्हा गावोगाव लागला होता. आयसी सात वॅटची आणि माठ घरातला. बाहेर पारा ४५ च्या पुढे, घरात गार पाण्याचा एकुलता एक माठ, आणि त्यातून ढोलकी ऐकू येते आहे. नव्यानं लग्न होऊन आलेल्या नानींनी पहिल्याच उन्हाळ्यात दोन माठ घ्यायची पद्धत पाडली. ती आजही चालू आहे.

नानांना घडवलं ते दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकानं. त्यातल्या आकृत्या पाहून नाना पितळी टाचण्यांनी पुठ्ठ्यावर सर्किट जुळवू लागले आणि पुढं तांब्याचा पत्रा चढवलेला बोर्ड आणून स्वतः पीसीबी करू लागले. नको ते तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवावं लागतं, आणि द्रावण कोमट असलं तर काम लवकर होतं. थंड प्रदेशातले शौकीन त्यासाठी पाणी तापवतात. जळगावला मे महिन्यात गच्चीवर ठेवलं की भागतं. मात्र फेरिक क्लोराइडला तांबं आणि स्टील यांत भेदभाव करता येत नाही. नानींची माहेरची स्टीलची ताटली गच्चीवरून खाली आली तेव्हा तिच्यावर देवी आल्यासारखे खड्डे होते. तेव्हापासून या कामाला श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा ठरला.

२००५ नंतरची काही वर्षं हा नानांचा सुवर्णकाळ. वीज तयार व्हायची शेजारी, भुसावळजवळच्या दीपनगरला, आणि भारनियमनात आम्ही बसायचो अंधारात. नानांनी इमर्जन्सी लाइट बनवायला घेतले. पहिला दिवा वीज असताना पेटायचा आणि वीज गेली की इमानदारीत विझायचा. “रिलेची वायर उलटी लागली,” नाना म्हणाले, “तत्त्व बरोबर आहे.” तत्त्व त्यांचं नेहमीच बरोबर असतं. चुकतो तो ड्राय सोल्डर, लूज कॉन्टॅक्ट किंवा मालाची क्वालिटी.

पण नानांची खरी ओळख पटते ती कूलरपाशी. खानदेशात कूलर हा घरचा माणूस असतो आणि मध्यरात्री त्याचं पाणी संपतं. नानांनी अलार्म केला. टाकीत दोन तारा, पाणी असेपर्यंत त्यांतून बारीकसा करंट वाहणार, पाणी उतरलं की तुटणार, मग ५५५ नंबरची आयसी जागी होणार. ही ५५५ स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत तयार केली; नानी उखाण्यात नानांचं नाव घेतात, तितक्या अदबीनं नाना कामेनझिंडांचं नाव घेतात. आवाजासाठी लावली यूएम ६६: दिसायला तीन पायांचा ट्रान्झिस्टर, पोटात एकच विलायती धून. हीच धून त्या काळी गल्लीतल्या निम्म्या घरांच्या बेलमध्ये होती. आमचं बोअरचं पाणी जड, त्यात सतत एकाच दिशेनं वाहणारा करंट. एक तार झिजत गेली, दुसरीवर पांढरा थर चढला, करंट तुटला. टाकी काठोकाठ भरलेली असताना रात्री दोनला अलार्मनं गायला सुरुवात केली आणि गच्चीवर झोपलेली गल्ली आपापलं दार उघडायला खाली पळाली.

“काय भो नाना, काय करून राहिले?” सकाळी विचारणा झाली.

“ड्राय सोल्डर,” नाना म्हणाले.

नंतर मोबाईल आला आणि नानांचं कार्यक्षेत्र शिवारापर्यंत वाढलं. शेतीला वीज कधी दिवसा, कधी रात्री. शिरपूरकडच्या साडूंना मोटर चालू करायला अंधारात, विंचूकाट्यातून बांधावर जावं लागे. नानांनी जुन्या बटणाच्या मोबाईलच्या व्हायब्रेटरच्या दोन वायरी काढून रिलेला जोडल्या. रिंग दिली की मोटर चालू, पुन्हा दिली की बंद. साडूंनी रात्री दहाला खाटेवरून रिंग दिली आणि ओरडले, “नाना, मोटर चालू व्हयनी!” खरोखरच झाली होती. फक्त रिंग कोणाची, हे त्या यंत्राला कळत नव्हतं. मध्यरात्री कुणाचा राँग नंबर लागला आणि मोटर बंद पडली. सकाळी कर्ज देऊ करणाऱ्या एका बाईंचा फोन आला आणि विहीर तळाला गेली. त्यांचं कर्ज साडूंनी घेतलं नाही, पण त्या बाईंइतकं पाणी त्या शेताला कुणी दिलं नसेल.

नानांना हसणारे म्हणतात, जे बाजारात तयार मिळतं ते दुप्पट पैसे घालून घरी करायचं कशाला? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. गल्लीतले मिक्सर नाना फुकट उघडतात, आणि बरेचसे चालूही होतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलं त्यांच्याच ओट्यावर बसलेली असतात. श्रावणात कानबाईच्या जागरणाला त्यांची फिरती लायटिंग सातव्या बल्बवर अडकते, तरी बाया तिच्याच उजेडात नाचतात. यंत्राच्या आत काय आहे ते बघायची भीती नसलेला माणूस गल्लीत असणं ही काही छोटी गोष्ट नाही.

त्यांचा दोष एकच आणि तो गंभीर आहे: त्यांच्या कुठल्याही वस्तूला झाकण नसतं. अलार्म, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, सगळं भिंतीवर उघडंवाघडं, चिकटपट्टीनं चिकटवलेलं. विचारलं तर म्हणतात, “डबा करायचा बाकी आहे.” बाकी ठेवण्यामागे त्यांचं शास्त्र आहे, कारण डबा बंद केला की प्रयोग संपला. पण उघड्या वायरीला २३० व्होल्ट असतात आणि कूलर म्हणजे लोखंड, पाणी आणि अनवाणी पाय. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

तेव्हा ज्यांच्या घरी असे नाना आहेत, त्यांनी एवढं करावं. त्यांना रागावू नये, पसारा आवरू नये, माठ दोन घ्यावेत. पण मेन स्विचपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. करंट अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत गळू लागला, की तो क्षणात वीज तोडतो. अर्थिंगही परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावं. आणि हा आरसीसीबी दुकानातूनच आणावा. नाना म्हणतील, “कशाला, मी करतो ना घरी.” त्यांना अजिबात करू देऊ नये.