दार न धरणाऱ्या शहराकडून

मा. सौजन्य-परीक्षक,
रीडर्स डायजेस्ट यांसी,



आपण २००६ साली जगातल्या ३५ शहरांच्या सौजन्याची परीक्षा घेतलीत. न्यूयॉर्क पहिले आले, मुंबई शेवटची. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा मुंबईकराने तो लोकलमध्ये, शेजाऱ्याच्या पेपरात डोकावूनच वाचला असणार. आणि शेजाऱ्याने त्याचे वाचून होईपर्यंत पान उलटले नसणार. आपल्या गुणपत्रिकेत याला रकाना नव्हता.

प्रश्न तीन होते. मागून येणाऱ्यासाठी कोणी दार धरून ठेवतो का, कोणाचे कागद पडले तर उचलू लागतो का, आणि दुकानदार गिऱ्हाइकाला ‘थँक यू’ म्हणतो का. पेपर सोपा होता, यात वाद नाही. मुंबईकराचा अभ्यासक्रमच निराळा निघाला. तो तेव्हा ज्या डब्यातून रोज ये-जा करी त्याचे दार कधी लागतच नसे, मग धरायचे काय? तो धरतो तो हात, सुटलेल्या गाडीमागे पळत येणाऱ्याचा. हे धोक्याचे आहे, रेल्वे तसे रोज बजावते, आणि रेल्वेचे बरोबरच आहे. पण या हातांवर सुकेतू मेहतांनी ‘मॅक्झिमम सिटी’त लिहिले ते २००४ मध्ये, म्हणजे आपल्या परीक्षेच्या आधी. पुस्तक चाळले असते तर बरे झाले असते.

दुकानदाराचे मात्र खरे. ‘थँक यू’ तो क्वचितच म्हणतो. सुटे नसले की ‘उद्या द्या’ म्हणतो, आणि लिहूनही ठेवत नाही.

आता चौथ्या सीटविषयी. बाक तिघांचा असतो. चौथा येतो, तोंडातून शब्द काढत नाही, हातानेच ‘जरा’ अशी खूण करतो. तिघे सरकतात. खिडकीवाला अंग चोरतो, मधला खांदे आवळतो, आणि चौथ्याला एका मांडीपुरती जागा मिळते. बाकीचा देह अधांतरी. कोणत्याही नियमपुस्तकात हे नाही. कोणी आभार मानत नाही, मानलेच तर तिघे संशयाने पाहतील. उभ्या माणसाची पिशवी अनोळखी हातांवरून रॅकवर जाते आणि त्याचे स्टेशन आले की तशीच खाली येते, आत लॅपटॉप असला तरी. लांबून येणाऱ्या काही ग्रुपांत बसलेले लोक अर्ध्या वाटेत उठून उभ्यांना बसवतात. उठणारा उपकार केल्याचा चेहरा करत नाही. हातातला पत्त्यांचा डाव तेवढा सोडत नाही.

हाच माणूस विरार फास्टमध्ये बोरिवलीवाल्याला चढू देत नाही, हेही आपल्या दप्तरी नोंदवावे. खिडकीवरून तो भांडतो, पाय तुडवतो, वर ‘दिसत नाही का?’ म्हणून विचारतो. त्याला संत ठरवण्याचा या पत्राचा हेतू नाही.

परीक्षेच्या आदल्याच वर्षी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल जागच्या जागी थांबल्या. कमरेएवढ्या पाण्यातून घरी निघालेल्यांना वाटेतल्या वस्त्यांनी चहा-बिस्किटे दिली, रात्रीपुरते घरात घेतले. आणि आपल्या निकालाला महिनाही होत नाही तोच, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. अँब्युलन्स येण्याआधी रुळांलगतच्या झोपड्यांतून माणसे चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींच्या झोळ्यांतून जखमींना बाहेर काढले. त्या धावून आलेल्यांतल्या अनेकांनी पहिल्या वर्गाचे तिकीट जन्मात काढले नसेल. अशा वेळी ‘मुंबई स्पिरिट’चे गोडवे गायची पद्धत आहे. ते शब्द अधिकाऱ्यांना फार सोयीचे पडतात. लोक एकमेकांना सांभाळून घेतात म्हटले की नाला कोणी तुंबू दिला हे विचारायचे राहून जाते.

फेरपरीक्षेचा विचार असल्यास शहर तयार आहे. २५ डिसेंबर २०१७ पासून एसी लोकल धावू लागली, तिला बंद होणारी दारे आहेत. ती आपोआप मिटतात, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे गुण याही खेपेला बुडाले. त्यापेक्षा संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास दादरला साधी कल्याण स्लो पकडावी. हातात जड पिशवी असू द्यावी. कागद मात्र शक्यतो पाडू नयेत, वाकायला जागा नसते.

कळावे,
चौथ्या सीटवरील एक प्रवासी