दाब… धर… सोड!

काकूंनी कुडावर वाळत घातलेलं लुगडं बाजूला सारलं की समजायचं, बातमी आहे. आमच्या दोन घरांच्या मध्ये तुराट्यांचा कूड आहे आणि त्याला बरोबर मधोमध एक भगदाड आहे. ते दर पावसाळ्यानंतर बुजवायचं ठरतं आणि दोन्ही घरांच्या मूक संमतीनं राहून जातं.

"अवं मॅडम, कोपऱ्यावरच्या वाड्यातली सून पाह्यली काय तुमी? पुण्यात राह्यते, पॅन्ट घालते, पण संस्कार पाहा बाप्पा! सकायी सात वाजतापासून सासूचे पाय दाबून रायली होती. म्या माह्या कानानं आयकलं. पोट्टा सांगे, 'दाब… धर… सोड.' मंग पुन्हा, 'दाब… धर… सोड.' आर्धा घंटा! अशी सून दिवा घेऊन धुंडली तरी भेटत नाई."

एव्हाना ही बातमी पिठाच्या गिरणीपर्यंत पोचलेली होती, हे मला नंतर कळलं. दोन घरच्या सासवांनी आपापल्या सुनांना ती ऐकवूनही झाली होती.

तेवढ्यात मागून काकाजी आले. काकाजी म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. तीस वर्षं बसगाड्यांच्या पोटाखाली झोपून काढली, त्यामुळे घरातल्या खाटेवर त्यांना अजून झोप लागत नाही, असं काकू सांगतात. "पाय कोणाचे दाबते वं," ते म्हणाले, "ब्रेक दाबून रायली होती थे. गाडीच्या ब्रेकमंधली हवा काढून रायले होते दोघं. म्याच सांगतलं होतं."

काकूंचा चेहरा असा उतरला की मला हसूही येईना.

आता गाडीचं सांगायला हवं. वाड्यातल्या त्या मुलानं दिवाळीच्या सुट्टीत जी गाडी गावात आणली, ती पाहायला आमचं अख्खं किन्हीराजा गाव लोटलं होतं. लाल, दोन माणसांची, टप उघडणारी आणि इतकी ठेंगणी की म्हैस आडवी आली तर म्हशीला ती दिसणारच नाही. सॅन स्टॉर्म नाव तिचं. १९९८च्या सुमाराला सॅन मोटर्सनं ही गाडी आणली, गोव्यात बनायची. अंग फायबरचं, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं, ताकद साधारण साठ अश्वशक्तीची. आजच्या हिशेबानं हा आकडा किरकोळ, पण अंगानं हलकी असल्यानं पळते छान. त्या काळी आपल्याकडे दोन सीटची गाडी म्हणजे फटफटी, त्यामुळे फारशा खपल्या नाहीत. बनणं बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलानं कॉलेजात असताना तिचं चित्र वहीला लावलं होतं म्हणे. पगार वाढला तशी एक जुनी शोधून काढली.

गावाला इंजिनाशी देणंघेणं नव्हतं. गावाचा प्रश्न एकच होता आणि तो काकूंनीच पहिल्यांदा मांडला.

"दोन सीटा? मंग सासू कोठी बसन?"

मी म्हटलं, "काकू, मागं डिकी असते."

"हाव, डिकीत टाका आता बुढीले!"

दुसरी चर्चा किमतीची. पानटपरीवर आठ लाख, दुधाच्या डेअरीवर बारा, आणि लग्नघरात पोचेपर्यंत ती गाडी दोन एकर बागायतीच्या भावाची झाली होती. खरा आकडा मुलाच्या बायकोलाही माहीत नाही, असं त्याची बायकोच मला म्हणाली. तेव्हा तो इथं लिहिण्यात अर्थ नाही.

तर मुलाच्या मनात आलं की ही गाडी समृद्धीवर काढायची. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि आमच्या गावातून जाणारा जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता एकदम म्हातारा झाला. आधी रात्रभर ट्रकांची रांग असायची, आता रात्री कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपतात. समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा. मुलानं मोबाइलवर काकाजींना चित्रं दाखवली: मोठाले लाल रंगाचे कॅलिपर, भोकं पाडलेल्या डिस्क, चारही चाकांना. गाडीला मुळात पुढं डिस्क आणि मागं ड्रम. "मागंही डिस्क टाकतो काकाजी. ब्रेक अपग्रेड!"

मी कुडाच्या या बाजूनं तुरीच्या शेंगा सोलत होते. म्हणजे ऐकत होते.

काकाजींनी चित्रं पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कॅलिपर लाल काऊन हाय?"

"दिसायला भारी वाटतं."

"कोणाले? पुढून येणाऱ्या ट्रकवाल्याले?"

मग गाडीखाली पोतं अंथरून ते आडवे झाले. साठीनंतरचा माणूस गाडीखाली शिरताना इतका आनंदी मी दुसरा पाहिलेला नाही. पंधरा मिनिटांनी बाहेर आले ते बोटाला काळं लावून. "हे पाह्य. ब्रेक ऑइल. काकूच्या काढ्यासारखं झालं."

काकूंनी कुडाजवळून निषेध नोंदवला, पण काकाजी आता थांबणारे नव्हते. आणि खरं सांगते, विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली, पण ब्रेक इतका सोपा करून मला कुणी सांगितला नव्हता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट तीनचं ऑइल उकळायला किमान २०५ अंश लागतात. त्यात पावणेचार टक्क्यांच्या घरात पाणी शिरलं की तेच १४० अंशांना उकळायला बसतं. डॉट चारचं नवं ऑइल २३० अंशांपर्यंत टिकतं, पाणी पिऊनही १५५पर्यंत. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली की दबते, ऑइल दबत नाही. म्हणून राजूर घाटासारखा लांब उतार उतरताना एखाद्याचं पेडल अचानक थेट फळीला टेकतं आणि तो म्हणतो, ब्रेक फेल झाला. ब्रेक जागेवरच असतो, ऑइलाचा चहा झालेला असतो. "म्हून आमी नव्या ड्रायव्हरले सांगत होतो, ज्या गेरमंधी घाट चढला, त्याच गेरमंधी उतर. ब्रेकवर बसून उतरू नको."

मुलगा म्हणाला, "पण मोठी डिस्क लवकर थांबवेल ना?"

"गाडी साठनं पळून रायली आन मंग एकशेवीसनं पळून रायली, तर ब्रेकले काम किती वाढते?"

"दुप्पट."

"मॅडम, सांगा त्याले."

कुडातून मला ओढलंच. चौपट. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. नववीच्या पोरांना मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं, त्यांनी ते वर्षानुवर्षं विसरून दाखवलं. त्यातलाच एक हा समोर उभा. ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघते. मोठ्या डिस्कचा खरा फायदा तिथे आहे: एकामागून एक जोरात ब्रेक मारले तरी ती तापून लवकर हरत नाही. पण एकदाच, थंड ब्रेकनं, थांबायचं असेल तर गाडी कुठे थांबेल हे टायर ठरवतो. चाक जॅम करण्याइतका जोर जुन्या ब्रेकमध्येही होता. चाक थांबलं आणि टायर घसरत गेला तर लाल कॅलिपर काय करणार?

काकाजी टायरजवळ बसले. बाजूला कोरलेले चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मुलाला वाचायला लावले. टायर त्याच्या लग्नाच्या आधीचे निघाले. त्याला आता दोन मुलं आहेत. रबर लाकडासारखं कडक, काठाला भेगा. "हे आधी बदल. मंग ब्रेकची गोष्ट कर."

मागच्या डिस्कवरून मात्र बराच वेळ वाद झाला. जोरात ब्रेक मारला की गाडीचा भार पुढं झुकतो, मागची चाकं हलकी होतात. म्हणून बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात आणि मागच्याला मुद्दाम कमी दिलेलं असतं. मागं जास्त पकड दिली तर मागची चाकं आधी जॅम होतात आणि गाडीचं शेपूट पुढं यायला बघतं. शिवाय मोठ्या पिस्टनला जास्त ऑइल लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जातं. तो बदलला तर आणखी काही बदलावं लागतं. मोठी डिस्क जुन्या रिममध्ये मावत नाही, मग रिम बदला. "घराले दरवाजा मोठा केला आन मंग घरच दुसरं बांधलं, तशी गत," काकाजी म्हणाले. हे त्यांच्या अनुभवाचे बोल असावेत, कारण त्यांच्या घराचा दरवाजा खरंच तसा झालेला आहे.

मी कायद्याचं टाकलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांबाबत तेच सांगितलं. पॅड, ऑइल, नळ्या नव्या घालणं ही देखभाल झाली. चारही कोपरे उपटून दुसऱ्या गाडीचे बसवले तर अपघातानंतर विमेवाला पहिला प्रश्न कोणता विचारेल, ते सांगायला नको.

मुलगा हिरमुसला. पुण्याला परत गेल्यावर त्यानं हार मानली असेल असं वाटलं, पण पुढच्या खेपेला तो पिशवीभर सामान घेऊन आला. पॅड आणले ते मात्र शर्यतीचे. काकाजींनी खोका हातात घेऊन परत दिला. शर्यतीचे पॅड तापल्यावर जबरदस्त धरतात, थंड असताना ढिम्म. "तवा तापल्याशिवाय भाकर फुगत नाई. आन रस्त्यावर पहिला ब्रेक मारायची येळ येते तवा बकरी समोर असते. तिले म्हणशीन काय, थांब बाई, दोन फेऱ्या मारून ब्रेक तापवतो?"

मुलगा तरी हटेना. म्हणाला, जगात डिस्क ब्रेक गाजला तो शर्यतीतच. १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारनं डिस्क ब्रेकच्या जोरावर मारली. खरं आहे ते. त्याची कल्पना तर त्याहून पन्नास वर्षं जुनी, इंग्लंडमध्ये लँचेस्टर नावाच्या माणसानं १९०२मध्येच पेटंट घेतलेलं. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चोवीस घंटे त्या शर्यतीत बकरी आली होती काय?"

रस्त्याचे साधे चांगले पॅड आले. पुढच्या जुन्या रबरी नळ्या, बाहेरून ठणठणीत आणि आतून फुगलेल्या, काढून पोलादी जाळीच्या मापून करून घेतल्या. फुगणारी नळी पायाचा जोर स्वतःच खाते. मागच्या ड्रममध्ये नवे लायनर, व्हील सिलिंडरची नवी रबरं. जुन्या लायनरची धूळ फुंकरीनं उडवू दिली नाही, ओल्या फडक्यानं पुसली; जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असायचं आणि काकाजींच्या बरोबरीच्या काहींची छाती त्या धुळीनं गेली असं त्यांना वाटतं. आणि शेवटी जुनं ऑइल पूर्ण काढून डॉट चार भरलं. गावातल्या एका उत्साही माणसानं इंजिन ऑइलचा डबा पुढं केला होता, "ऑइल ते ऑइल" म्हणून. काकाजी त्याच्यावर जे बोलले ते कुडाच्या या बाजूलाही स्पष्ट ऐकू आलं. इंजिन ऑइलनं ब्रेकची सगळी रबरं फुगून बसतात.

त्या सकाळी जे काकूंनी ऐकलं ते हेच. नवरा चाकाशी बसून निपल उघडतोय, पारदर्शक नळीचं टोक बाटलीत, बायको सीटवर. दाब. धर. निपल उघड, बुडबुडे बाहेर, निपल बंद. सोड. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, मग जवळचं. निपल बंद व्हायच्या आत सोडलं तर हवा पुन्हा आत.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवे पॅड रुळवण्याचा कार्यक्रम झाला. साठवर न्यायची, हळूहळू वीसवर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, पुन्हा साठ. असं आठ-दहा वेळा आणि मग थंड होऊ द्यायचं. मोकळ्या जुन्या हायवेवर हे चाललेलं बसस्टँडवरच्या चहावाल्यानं पाहिलं. आठ वाजेस्तोवर गावात बातमी: वाड्यातल्या पोट्ट्याचं डोकं फिरलं, गाडी पळवते आन थांबवते, पळवते आन थांबवते, बायकोशी भांडण झालं असंल.

"मी सांगतलं त्यांले," काकू मला कुडातून म्हणाल्या, "भांडण नाई, ब्रेक शिजून रायले." शब्द चुकला, पण गिरणीपर्यंत ही दुरुस्ती त्यांनी स्वतः पोचवली, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे.

लाल कॅलिपरचं काय झालं? मुलानं जुन्याच कॅलिपरवर उष्णता सोसणारा लाल रंग मारला. काकाजींनी पाहिलं, काही बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, "रंगानं ब्रेक बिघडत नाई. राहू द्या."

माझं मत विचाराल तर त्या गाडीवर सगळ्यात शहाणा खर्च टायरांचा झाला आणि त्याचा फोटो कुणीही काढला नाही.

रविवारी दोघं नवराबायको समृद्धीवरून नागपूरला गेले, टप उघडून. सासूबाई बहिणीकडे मालेगावला गेल्या, लालपरीनं, अर्ध्या तिकिटात.