मुदतराव

डोंबिवलीच्या सव्वाआठच्या फास्ट लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवून बसलेला, मांडीवर रेक्झिनची बॅग आणि बॅगेवर उघडं पासबुक ठेवून काहीतरी पुटपुटणारा गृहस्थ दिसला, तर तो जपाला बसलाय असं समजू नका. तो मुलीच्या कॉलेजची फी मोजतोय. आडनाव सांगत नाही. डब्यात त्यांना सगळे मुदतराव म्हणतात आणि हे त्यांना ठाऊक आहे. राग येत नाही. ‘मुदत’ हा शब्द कुठूनही कानावर पडला तरी त्यांना बरंच वाटतं.

असा एक मुदतराव प्रत्येक डब्यात असतो, प्रत्येक सोसायटीत असतो. दुसऱ्याच्या घरी मूल झालं की लोक विचारतात, कुणावर गेलंय? हा विचारतो, खातं उघडलं का?

आमच्या मुदतरावांना मुलगी झाली २००७च्या जुलैत. लग्न उशिरा, मूल त्याहून उशिरा. चाळिशी गाठली होती. डब्यात त्यांनी बर्फी वाटली. एका हातात बर्फीचा पुडा, दुसऱ्या हातात जन्मदाखल्याच्या झेरॉक्स. बारशाला सगळ्यात घाई त्यांचीच. नातेवाइकांना वाटलं, बापाला काय हौस! खरी गोष्ट अशी, की मुलीच्या नावाशिवाय पीपीएफचा फॉर्म अडला होता. आत्याने पाळण्यात नाव ठेवलं, कानात कुर्र केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाव फॉर्मवर चढलं.

घाईचं कारण पाच तारीख. पीपीएफचं व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतर अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजतात. पैसे सहा तारखेला भरले की त्या महिन्याचं व्याज बुडालं. आणि वर्षाची सगळी रक्कम एप्रिलच्या पाच तारखेच्या आत भरली तर बारा महिन्यांचं व्याज पदरात. त्यामुळे साडेतीन मुहूर्तांत मुदतरावांनी एकाची भर घातली आहे. पाडव्याला ते उशिरा उठतील, पण दोन एप्रिलला सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत पहिले. एक एप्रिलला का नाही? त्या दिवशी वर्षअखेरीच्या हिशेबामुळे बँकेचे व्यवहार बंद असतात. हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही मुदतराव नाही.

चैनीशी त्यांचं वैर नाही. फक्त ते तिची किंमत वेगळ्या चलनात सांगतात. हे चलन म्हणजे सेमिस्टर. नवा फ्रिज म्हणजे पाऊण सेमिस्टर. महाबळेश्वरला चार दिवस म्हणजे होस्टेलची अनामत. वहिनींनी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला सोफा मागितला, तेव्हा मुदतराव रात्रभर आकडेमोड करत होते म्हणे. सोफा आला नाही. मी एकदा त्यांच्याकडे गेलो आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसता बसता सहज इकडेतिकडे पाहिलं. वहिनी चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, “सोफा शोधताय का भावजी? आहे हो आमच्याकडे. पोस्टात आहे.”

मुलगी सहा महिन्यांची असतानाची गोष्ट. स्टेशनाजवळच्या हॉटेलात आम्ही मिसळ खायला शिरलो. म्हणजे मी शिरलो, ते दारात उभे. मिसळ वीस रुपयांना होती. त्यांनी मला बहात्तरचा नियम समजावला. बहात्तरला व्याजदराने भागायचं, जे उत्तर येईल तितक्या वर्षांत पैसे दुप्पट. पीपीएफला तेव्हा आठ टक्के मिळत होते. बहात्तर भागिले आठ, नऊ वर्षं. “म्हणजे नऊ वर्षांत या वीसचे चाळीस, अठरा वर्षांत ऐंशी. तुम्ही आत्ता वीस रुपयांची मिसळ खात नाही आहात, माझ्या मुलीचे ऐंशी रुपये खाताय!”

“तुमच्या मुलीचे कसे? पैसे माझे आहेत.”

“तेच म्हणतो. माझे असते तर मी खाल्ले नसते.”

मी मिसळ खाल्ली. जादा तर्री मागवून खाल्ली. आज अठरा वर्षांनी त्याच हॉटेलात मिसळ नव्वद रुपयांना आहे. म्हणजे पीपीएफ आणि मिसळ यांच्या शर्यतीत मिसळ दहा रुपयांनी पुढे आहे. हे मी मुदतरावांना सांगितलं, तेव्हा ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, “फी तर मिसळीच्याही पुढे पळते.” हे मात्र खरं. २०१६ साली आयआयटीची वर्षाची फी नव्वद हजारांवरून एकदम दोन लाख झाली. त्या दिवशी त्यांनी वहीत नवं पान सुरू केलं आणि वरती तारीख घातली. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि भागाकारात बाकी हातची धरायची की खाली उतरवायची यावर रडत होती.

२०१५च्या जानेवारीत पानिपतला सुकन्या समृद्धी योजना जाहीर झाली. इतिहासात पानिपतावर मराठी माणसाचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. एका मराठी माणसाचं तिथे भलंही झालं, याची नोंद मुदतरावांमुळे घेता येते. दहा वर्षांच्या आतली मुलगी हवी होती, यांची साडेसात वर्षांची. नऊ टक्क्यांच्या वर व्याज. चौदा वर्षं भरायचं (पुढे ती पंधरा झाली), खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत संपणार. इतकी लांब मुदत ऐकून ते अक्षरशः मोहरले. त्यानंतर डब्यात दिवसातून दहा वेळा ‘सुकन्येचं झालं का’, ‘सुकन्येचं व्याज आलं’ असं इतकं चालायचं, की कल्याणहून येणाऱ्या दोघातिघांना आजही वाटतं, मुलीचं नाव सुकन्या आहे.

समोरच्या बाकावर एसआयपीवाले बसतात. त्यांचा एक पुढारी आहे, तो दर स्टेशनला मोबाइल काढून बाजार बघतो. २०२०च्या मार्चमध्ये बाजार आपटला. लोकल बंद होत्या, म्हणून मुदतरावांनी त्याला मुद्दाम फोन करून धीर दिला. इतका प्रसन्न धीर मी कुणी कुणाला दिलेला ऐकला नाही. आठवड्याभरात सरकारने पीपीएफचा दर ७.९ वरून ७.१ आणि सुकन्येचा ८.४ वरून ७.६ केला. मग एसआयपीवाल्याने उलटा फोन केला. तोही प्रसन्नच होता म्हणे.

पण खरी काळरात्र त्याच्या पुढच्या वर्षीची. ३१ मार्च २०२१च्या संध्याकाळी बातमी आली, पीपीएफ ६.४ वर. मुदतराव त्या रात्री झोपले नाहीत. वहिनी सांगतात, दोन वाजता उठून पाहिलं तर स्वयंपाकघरात दिवा, ओट्यावर वही, आणि हे नवीन दराने अठरा वर्षांचं गणित पुन्हा मांडतायत. सकाळी अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं, तो आदेश नजरचुकीने निघाला होता, मागे घेतोय. मुदतरावांनी वहीतली ती चार पानं फाडली नाहीत. त्यांच्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं, ‘नजरचूक’. मी ती पानं पाहिली आहेत. हातचा एकसुद्धा चुकला नव्हता.

आता एक गोष्ट सांगतो, ती डब्यात फारशी कुणाला माहीत नाही. मुदतराव ‘मोडणे’ हे क्रियापद वापरत नाहीत. नोटसुद्धा मोडत नाहीत, सुट्टी करून घेतात. कुणी सहज म्हणालं, “एफडी मोडली,” तर त्यांचा चेहरा घरातलं लग्न मोडल्यासारखा होतो. याचं कारण एकदा पारसिकच्या बोगद्यात गाडी अडकली, दिवे गेले, तेव्हा अंधारात कळलं. वडील गिरणीत होते. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला, तो काही मिटला नाही. घरातला हंडा गेला, कळशी गेली, मग परात. सगळं मोडीत. वाण्याच्या शेजारी मोडीचा तराजू होता, तिथे कळशी धरून उभं राहायचं काम यांच्याकडे. १९८५ साली बारावी झाले, मार्क चांगले होते. वसंतदादांनी त्याच्या दोन वर्षं आधी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली होती. तशा एका कॉलेजचं पत्र आलं. वडिलांनी फीचा आकडा वाचला, पत्राची घडी होती तशी घातली आणि पाकिटात परत ठेवलं. “मोडायला काही उरलंच नव्हतं ना,” मुदतराव म्हणाले. एवढ्यात दिवे आले आणि ते पुन्हा पासबुकात बघू लागले.

तर २०२३ला पीपीएफची पंधरा वर्षं भरली. मी म्हटलं, आता मोकळे झालात. ते म्हणाले, पाच वर्षं वाढवून टाकलंय. मुलगी दहावीतून पुढे गेली होती, सुकन्येतले अर्धे पैसे तिच्या शिक्षणासाठी कायद्याने काढता येत होते. काढले नाहीत. आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या एका कॉलेजात तिला कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला, तेव्हा अठरा वर्षं मिसळ न खाल्लेला हा माणूस बँकेत गेला आणि शैक्षणिक कर्जाचा फॉर्म घेऊन आला!

मी डोक्याला हात लावला. “अहो, कर्जाचं व्याज तुमच्या सुकन्येच्या व्याजापेक्षा जास्त आहे.”

“आहे ना. वर्षाला किती जास्त तेही काढलंय.”

“मग?”

“पण मोडावं तर लागत नाही.”

यावर कुणाला काही बोलता आलं नाही. एसआयपीवालासुद्धा खिडकीबाहेर पाहू लागला.

पुढचं मला मुलीनेच सांगितलं. तिने कर्जाचा फॉर्म वाचला, मग बाबांची बॅग उघडून सुकन्येचे नियम वाचले. म्हणाली, “बाबा, मला जुलैत अठरा पूर्ण झाली. आता हे खातं माझ्या सहीने चालतं. तुमच्या नाही.” मुदतराव गडबडले. अठरा वर्षांच्या हिशेबात हा एक रकाना त्यांनी धरलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी दोघं पोस्टात गेले. प्रवेशाचं पत्र, फीची पावती, आधार, सगळं तिच्या हातात. बाबा एक पाऊल मागे. खिडकीतल्या बाईंनी पासबुक उलटसुलट केलं आणि विचारलं, “मोडायचंय का?”

“नाही हो,” मुलगी म्हणाली, “मोडायचं नाही. फीपुरते काढायचेत.”

खातं २०३६पर्यंत चालू आहे. हप्ते अजून २०३०पर्यंत भरायचे आहेत, आणि या दोन एप्रिललाही मुदतराव इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत पहिले होते. वहिनींचा सोफा अजून पोस्टातच आहे.