पातळ ते पथ्याचं!

माणूस आजारी पडला की मराठी घराला एकच सुचतं : त्याला काहीतरी पातळ द्या. मुगाचं पाणी, भाताची पेज, टोमॅटोचं सार, कुळथाचं कढण, काहीच जमलं नाही तर पाकिटातलं सूप. घट्ट ते जड, पातळ ते हलकं, हलकं ते पथ्याचं. आजार कोणता, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. ताप, बीपी, शुगर, किडनी, गुडघा, सगळ्यांना एकाच थर्मासमधून.

तापाला हे शोभतं. जुन्या वैद्यांनी पेया आणि यूष सांगितले ते उगाच नाही. पण ताप दोन दिवसांचा पाहुणा. हल्लीचे आजार मुक्कामाला येतात. त्यांचं पथ्य बहुधा अशाच गोष्टींचं असतं, ज्या पाण्यात झकास विरघळतात. मीठ विरघळतं, साखर विरघळते. भाजी उकळली की पोटॅशियम पाण्यात उतरतं, मटण उकळलं की प्युरिन उतरतात, म्हणजे युरिक अॅसिडवाल्यांना ज्यांची धास्ती तेच. जे टाळायचं ते आपण काळजीपूर्वक गाळून घेतो, वर कोथिंबीर भुरभुरतो आणि आग्रहाने पाजतो.

किडनीवाल्याचंच घ्या. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला आहारतज्ज्ञ सांगतात, भाजी सोला, बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. ओतून द्या! ज्या घरात पुरणाच्या डाळीचा कट बाजूला काढून त्याची आमटी होते, भाजीचं पाणी कणकेत मुरतं, तिथे हा सल्ला घशाखाली उतरतच नाही. मग तोडगा निघतो. उकडलेली भाजी रुग्णाने खायची आणि ‘सगळं सत्त्व उतरलंय हो त्यात’ म्हणून ते पाणीही त्यानेच प्यायचं, मिरपूड घालून, सूप म्हणून. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. सत्त्व उतरलंय, हे मात्र शंभर टक्के खरं.

राहिलेली कसर भेटायला येणारे भरून काढतात. दवाखान्याच्या फाटकाशीच शहाळेवाला उभा असतो. त्याच्या शहाळ्याच्या 100 मिलीलिटर पाण्यात साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला उत्तम, डायलिसिसच्या रुग्णाला नको. ‘पण ते नैसर्गिक आहे!’ विंचूही नैसर्गिकच आहे.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता नाही, आणि आमटी, चटणी, लोणचं, पापड सगळं त्यातच बसवायचं. डॉक्टर ‘मीठ कमी करा’ म्हणाले की आपण तातडीने मीठ बदलतो. पांढरं जातं, गुलाबी सैंधव येतं. सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाला रंग दिसत नाही. दुसरा पंथ ‘लो सोडियम’ मिठाचा. त्यात सोडियमचा काही वाटा काढून पोटॅशियम घातलेलं असतं. घरातल्या मिठाऐवजी असं मीठ वापरावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये केली खरी, पण त्याच शिफारशीतून किडनीचे रुग्ण, गर्भवती आणि लहान मुलं वगळली. व्हॉट्सअॅपवर पहिला अर्धा भाग फिरतो.

सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. हृदय थकलेल्या माणसाचं शरीर खाल्ल्या मिठाला असं काही जागतं, की संध्याकाळी चपलेचा पट्टा लागत नाही. आणि खानावळीतलं अळणी सूप मागवून निश्चिंत होणाऱ्यांसाठी एक सूचना : त्यात नसतं ते तिखट. मीठ असतंच.

पाकिटातल्या सुपाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा पाकीट उलटं करा आणि पहिली तीन-चार नावं वाचा. त्यात कॉर्नफ्लोर, साखर आणि मीठ सापडलं तर ती खारट खळ आहे. ‘हेल्दी’ हा शब्द पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतो, सोडियमचा आकडा मागे मुंगीच्या पावलांनी.

चहाकडे वळू. साखर बंद झाली की गूळ येतो. चौकाचौकात ‘गुळाचा चहा’ लिहिलेल्या पाट्या लागल्या आहेत आणि मधुमेहाची मंडळी तिथे पुण्यकर्म केल्याच्या चेहऱ्याने दुसरा कप मागवतात. गुळात मुख्यतः साखरच असते. बाकीची खनिजं मोजायची तर रोज ढेपच फोडून खावी लागेल. दुसरे सज्जन घरोघरी जाऊन ‘आमचा बिनसाखरेचा हं’ असं बजावतात आणि त्यात चार खाऱ्या बुडवतात. मैदा, वनस्पती तूप आणि मीठ, पण चहात साखर नाही!

दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींची तर गंमतच. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, की या पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ या खणातून बाहेर काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी काही व्याख्याच नाही. खण बदलला, डबे आहेत तिथेच आहेत. आजोबांना ‘ताकदीसाठी’ रात्री एक कप चालूच आहे. माल्ट बहुधा सातूचं, म्हणजे ग्लुटेन न चालणाऱ्यांनाही ते वर्ज्य.

काढ्याने 2020 मध्ये घराघरात जागा पटकावली. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका असा साधा काढा दिवसातून एकदोनदा घ्यायला सांगितला होता. आपण त्यात हौसेने भर घातली, आणि घसा सुटावा म्हणून ज्येष्ठमधाची कांडी तर हमखास. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपीची गोळी खाली ओढते, काढा वर ढकलतो, आणि ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलले जातात.

मग रुग्णाने काही गरम प्यायचंच नाही का? जरूर प्यावं, पण पातेल्यातला क्रम बदलायला हवा. आमटी शिजली की मीठ घालण्याआधी रुग्णाची वाटी बाजूला काढावी, मग उरलेल्या घराने हवं तेवढं खारट व्हावं. उलट क्रम चालत नाही. मीठ घातल्यावर पाणी ओतून ‘सौम्य’ केलेल्या आमटीत मीठ तेवढंच राहतं, आमटी मात्र वाढते. वाटीतल्या आमटीला लसणाची खमंग फोडणी द्यावी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरी, दोन थेंब लिंबू किंवा एखादं आमसूल. आंबट असलं की मिठाची उणीव जिभेच्या बरीच उशिरा लक्षात येते. डॉक्टरांनी चिमूटभर मीठ चालेल म्हटलं असेल तर ते शिजताना न घालता शेवटी वरून घालावं, म्हणजे तेवढ्याच मिठाची चव जास्त लागते. पहिले काही दिवस सगळं गवतासारखं लागतं, काही आठवड्यांत जीभ वळणावर येते, आणि मग हॉटेलातली डाळ तोंडात घालवत नाही. फोडणीत एक चोर मात्र असतो. डबीतला हिंग सहसा निखळ नसतो. डिंक आणि पीठ, पुष्कळदा गव्हाचं पीठ, मिसळून तो बांधलेला असतो. गहू वर्ज्य असलेल्याच्या ‘बिनगव्हाच्या’ आमटीत गहू येतो तो असा.

सगळ्यात अवघड पथ्य पाण्याचं. हृदयाच्या किंवा किडनीच्या काही रुग्णांना दिवसाला लिटर-दीड लिटरचीच मुभा असते. त्या मापात चहा येतो, ताक येतं, आमटी येते, गोळी गिळायचा घोट येतो, चघळायला दिलेला बर्फाचा खडाही येतो. मुंबईच्या टपरीवाल्याने कटिंगचं माप कधीचं काढून ठेवलंय. घरात मात्र अर्धा कप देणं म्हणजे पाहुण्याचा अपमान आणि आजाऱ्याची आबाळ. तेव्हा पत्नी बिचारी मापाची बाटली भरून ठेवते, वहीत घोट लिहिते, डॉक्टरांचा कागद फ्रिजवर चिकटवते, आणि शेजारच्या काकू दारातूनच विचारतात, ‘काय गं, पाणी तोडलंय म्हणे भाऊंचं? घसा कोरडा पडत असेल. थांब, सूप पाठवते.’