वाढत्या अंगाचा स्वेटर

द्रोणाचार्यांनी ‘काय दिसतं?’ असं विचारलं तेव्हा ऋतू कोणता होता, हे कोणी सांगत नाही. माझा अंदाज, उकाडा असावा. हाच प्रश्न एखाद्या कडाक्याच्या पहाटे विचारला असता, तर अर्जुनानंही खरं काय ते सांगून टाकलं असतं, ‘गुरुजी, पोपटाचा डोळा दिसतोय, पण त्याच्या अलीकडे शालीचं टोक आणि माझीच फुगलेली बाहीही दिसतेय.’ आणि एवढ्यावरून त्याला नापास करणं कुठल्याही गुरूला जड गेलं असतं. थंडीत धनुष्य हाती घेतलेल्या माणसाचा पहिला सामना लक्ष्याशी होतच नाही, तो स्वतःच्या कपड्यांशी होतो. लक्ष्य बिचारं लांब, आपल्या जागी निमूट उभं असतं. निखारा अस्तनीत असतो असं आपण म्हणतो. इथे अस्तनीच निखारा होऊन बसते.

उजव्या हाताच्या तिरंदाजाचं धनुष्य डाव्या हातात असतं. दोरी ओढून हनुवटीखाली आणली, की तो डावा हात तिच्या परतीच्या वाटेला अगदी खेटून उभा राहतो. बोटं सुटली की दोरी आल्या वाटेनंच परत जाते, पण फार वेगळ्या मनःस्थितीत. येताना ती कुरकुरत, मनधरणी करून घेत आलेली असते. जाताना तिला कोणाची ओळख राहत नाही. उघडा हात आडवा आला तर जांभळा वळ उठतो. लोकर आडवी आली तर वळ उठत नाही, पण त्या मऊपणात दोरीची चाल अडखळते, बाणाचं शेपूट हलतं आणि गवताच्या भाऱ्याकडे निघालेला बाण शेजारच्या बोरीच्या झुडपात शिरतो. दबका, ओलसर असा ‘थप्प’ आवाज येतो. मैदानावरची जुनी माणसं बाण कुठे गेला हे बघायच्या भानगडीत पडत नाहीत. आवाज ऐकूनच ती सरळ तुमच्या बाहीकडे बघतात, आणि त्या बघण्यात एक समजूतदार दया असते.

थंडीच्या कपड्यांची सगळी कर्तबगारी त्यांच्या फुगीरपणात आहे. ऊब लोकरीपेक्षा तिच्या धाग्यांत अडकून राहिलेल्या हवेची जास्त असते. स्वेटर घालायचा म्हणजे अंगाभोवती थोडी हवा पाळायची. धनुष्याच्या दोरीला नेमकी हीच पाळीव हवा खपत नाही. तिला माणूस जेवढ्यास तेवढा हवा असतो. त्याच्याभोवतीचा ऐसपैसपणा, त्याची गुबगुबीत खुशाली तिच्या हिशेबात बसत नाही. मग तिरंदाज वरून एक जाड घालण्याऐवजी आतून दोन पातळ घालतो आणि त्यावर बिनबाह्यांची बंडी चढवतो, म्हणजे छाती-पोटाला ऊब आणि हातांना मोकळीक. डाव्या बाहीवर लांब आर्मगार्ड आवळून कापड दाबून टाकायचं, छातीवर चेस्टगार्ड. मफलरचं टोक शर्टाच्या आत, टोपीची नाडी कॉलरखाली. एवढं झालं की दोरी अर्धी ओढायची, मान तिरकी करायची आणि कुठे काही फुगलंय का ते न्याहाळायचं. मग ती हळूच परत न्यायची. बाण न लावता सोडलेली दोरी धनुष्यच मोडू शकते, तेव्हा तालीम अर्ध्यावरच थांबते. दुरून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस स्वतःच्या काखेला काहीतरी गुपित विचारतोय.

माझ्या लहानपणी स्वेटर वाढत्या अंगाचा विणला जाई. मावशी माप घ्यायची ते आजचं नव्हे, पुढच्या-त्याच्या-पुढच्या हिवाळ्याचं. त्यामुळे आधी बाहीला तीन घड्या, मग दोन, आणि बाही मनगटावर नेमकी येऊन बसेस्तोवर कोपराला भोक पडलेलं असे. तो स्वेटर आणि मी एकमेकांना नेमके कधी भेटलोच नाही. त्या दिवसांत अंगणात बांबूच्या कामटीचं धनुष्य असायचं, त्याला सुतळीची दोरी आणि बाण म्हणून खराट्याचे हीर. रामायण ऐन रंगात आलं की सुतळी माझ्या बाहीच्या घडीत अडकायची आणि रामाचा बाण रामाच्याच पायाशी पडायचा. रावण शेजारचा होता, मोठा सभ्य मुलगा. ‘थांब, बाही वर कर आधी,’ असं म्हणत तो पुठ्ठ्याची नऊ तोंडं उतरवून भिंतीशी ठेवायचा, माझ्याजवळ येऊन घडी नीट दुमडून द्यायचा आणि परत जाऊन, तोंडं चढवून, मरायला उभा राहायचा.

मोठमोठ्या राजांनाही बाहीनं सतावलं आहे. इ. स. पू. ३०७ मध्ये चीनमधल्या झाओ राज्याच्या वूलिंग राजाच्या मनात आलं, की उत्तरेच्या गवताळ मुलखातले घोडेस्वार आपल्याला भारी पडतात त्यात त्यांच्या कपड्यांचाही वाटा आहे. ते थंडीवाऱ्यातले लोक, पण त्यांच्या बाह्या अरुंद, अंगरखे आखूड आणि पायांत विजारी. घोड्यावरून बाण मारताना काही म्हणून आडवं येत नसे. आणि आपण सुसंस्कृत, म्हणजे हात हलवला की गजभर रेशीम हलणार. राजानं त्या ‘रानटी’ पोशाखाचा हुकूम काढायचं ठरवलं आणि दरबारात कुजबुज सुरू झाली. राजाच्या काकांनी तर आजाराचं निमित्त करून दरबारात येणंच सोडलं. रुसलेल्या काकांच्या घरी स्वतः जावं लागतं, हा नियम राजालाही चुकला नाही. तो गेला, समजूत घातली, आणि दुसऱ्या दिवशी काका अरुंद बाह्या घालून दरबारात हजर झाले. त्या सकाळी आरशासमोर त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते इतिहासानं लिहून ठेवायला हवं होतं.

पुढे जवळजवळ दोन हजार वर्षांनी हाच वाद उलट्या दिशेनं पेटला. ज्यांनी नंतर चीनवर राज्य केलं ते मांचू लोक मुळातच अरुंद बाह्यांचे. त्यांच्यातल्या काही विद्वानांनी सुचवलं, की आता आपण मोठे झालो, तर चीनच्या मिंग दरबारासारखे घोळदार झगे घालावेत. १६३६ मध्ये सम्राट होंग ताइजीनं सगळ्या सरदारांना जमवून विचारलं, की आपण असे रुंद बाह्यांत बसलेले असताना एखादा आडदांड वीर एकटाच आत घुसला, तर त्याला तोंड देता येईल का? सरदारांनी आपापल्या मनगटांकडे पाहिलं असेल. हा उपदेश त्यांच्या घराण्यात इतका जपला गेला, की खापरपणतू चियेनलोंगनं १७५२ मध्ये तो दगडावर कोरून बीजिंगच्या राजवाड्यात, तिरंदाजीच्या मंडपापाशी उभा केला. बाहीच्या रुंदीवरचा शिलालेख! आपल्याकडे ताम्रपट जमिनीचे निघतात.

त्या मांचू बाहीचं एक टोक मला फार आवडतं. बाही हाताबरोबर अरुंद, पण शेवटी घोड्याच्या खुरासारखा एक गोलसर पदर. बोचरं वारं सुटलं की तो खाली सोडायचा. हाताची पाठ आणि बोटांची पेरं झाकली जातात, तळव्याची बाजू धनुष्यासाठी मोकळी राहते. ऊब हवी तिथे ऊब आणि दोरीला हवी तिथे वाट, असा हा तह. पण तहाचंही पुढे काय होतं ते बघा. एरवी हे खूर उलटे दुमडून ठेवत, आणि सम्राटापुढे जाताना ते खाली सोडून नमस्कार करणं हा रिवाज होऊन बसला. ज्या कारकुनांनी जन्मात बाण मारला नाही, जे शेकोटीजवळून उठून आले, तेही दारात थांबून आधी एक खूर सोडणार, मग दुसरा. थंडी संपली, शिकार संपली, तरी बाही आपली कामावर हजर.

जपानमधल्या क्योतोला मात्र बाही अजून खरोखरची आडवी येते. तिथल्या सांजूसांगेन्दो या लांबलचक देवळात दरवर्षी १५ जानेवारीच्या आसपासच्या रविवारी तिरंदाजी असते, आणि त्यात विशीत पाऊल ठेवलेली मुलंमुली ६० मीटरवरच्या, मीटरभर रुंदीच्या लक्ष्यावर बाण सोडतात. पहाटे पारा शून्याच्या आसपास. मुलींच्या अंगावर सणाचा किमोनो, आणि अविवाहित मुलीच्या या किमोनोच्या बाह्या लांबीला मीटरभर, लोंबत्या, फुलापानांनी भरलेल्या. अशा बाहीत दोरी शिरली तर बाण राहू द्या, बागच उडून जायची. म्हणून ‘तासुकी’ नावाची लांब पट्टी घेतात. तिचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं खांद्यांखालून फिरवायचं, पाठीवर फुली पाडायची आणि गाठ मारायची. एवढा सगळा वैभवी पसारा क्षणात काखेशी गोळा होतो, जशी आपल्याकडची बाई कामाला लागण्याआधी पदर खोचते. किमोनोतल्या पुरुषांचा पारंपरिक उपाय याहून सरळ आहे: डावा हात बाहीतून काढूनच घ्यायचा आणि खांदा उघडा टाकायचा. बाही सांभाळण्यापेक्षा सोडून दिलेली बरी, असा तो विचार आहे खरा. जानेवारीत तो अमलात आणणाऱ्यांच्या खांद्यांवर मात्र काटा स्पष्ट दिसतो.

याच देवळाच्या ओसरीत, टोकापासून टोकापर्यंत सुमारे १२० मीटर बाण पोचवायच्या चढाओढी चालत. १६८६ मध्ये वासा दाइहाचिरो नावाच्या तरुण सामुराईनं एका दिवस-रात्रीत १३,०५३ बाण सोडले आणि त्यांतले ८,१३३ पलीकडे पोचवले. म्हणजे सरासरी मिनिटाला नऊ बाण. हे आकडे वाचून लोक त्याच्या दंडांचा विचार करतात. मी त्याच्या बाहीचा करतो. आणि त्या ओसरीला लागून, आत, करुणेची देवता सहस्रभुज कान्नोन हिच्या एक हजार मूर्ती ओळीनं उभ्या आहेत. करुणेचे इतके हात, आणि तासुकी बांधायची वेळ एकीवरही आली नाही.

पुढे इंग्लंडची राणी झालेल्या एलिझाबेथचे शिक्षक रॉजर आस्कम यांनी १५४५ मध्ये तिरंदाजीवर पुस्तक लिहिलं. मनगटावरच्या चामडी पट्ट्याचे फायदे सांगताना त्यांनी दोरीच्या फटक्यापासून हात वाचतो याच्या जोडीला अंगातला डगला झिजत नाही हेही आवर्जून नोंदवलं आहे. मला या गृहस्थांच्या घरचा हिशेब कोण ठेवत असेल ते लगेच कळलं.

या पट्ट्याची एक गंमत आहे. तो ज्या हाताला बांधायचा, तो हात बांधण्याच्या कामी येत नाही. उरलेल्या एका हातानं, दातांची मदत घेऊन जमतं, हल्लीच्या इलॅस्टिकवाल्या आर्मगार्डना तर आकडाही असतो. पण थंडीत बोटं बधिर झालेली, नाडी ताठर, आणि खाली फुगरी बाही दाबून धरायला तिसरा हात हवा. मग शेजारी उभ्या असलेल्याकडे, म्हणजे अजून घटकाभरानं ज्याला हरवायचं त्याच्याकडे, हात पुढे करावा लागतो. तो स्वतःचे हातमोजे काढून दातांत धरतो, बाहीची वळी चपटी करतो, नाडी ओढतो. तोंडात हातमोजे असल्यामुळे ‘घट्ट नाही ना झालं?’ हा प्रश्न नुसत्या भुवयांनी येतो. झालेलं असतं, चांगलं करकचून झालेलं असतं. आणि हात पुढे केलेला माणूस दरवेळी म्हणतो, ‘नाही नाही, बरोबर आहे.’