सासूबाई परत येतील

आपल्याकडे पाहुणा आला की "बसा" म्हणतात, आणि उठला की "एवढ्यात काय निघालात?" युरोपात हा क्रम उलटा आहे. पाहुण्यानं ठाण्याहून निघण्याआधीच तो उठणार कधी, कोणत्या विमानानं आणि मुळात उठेल याची खात्री काय, हे तिथं लेखी कळवावं लागतं. खात्री पटली की मग "या."

शेंगेन व्हिसा म्हणजे 29 देशांचं एकच दार. एकदा आत शिरलं की लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत सहसा कुणी हटकत नाही, म्हणून सगळं हटकणं दाराशीच उरकून घेतात. दाराशी गर्दीही तशीच: 2024 साली एकट्या भारतातून 11 लाखांवर अर्ज गेले होते. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई, त्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिलो.

पहिला प्रश्न, अर्ज कोणाकडे करायचा? नियम मुक्कामाच्या दिवसांवर आहे, आणि ते दिवस सगळे रात्रींनी मोजतात. ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. रात्री सारख्या पडल्या तर जिथं पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. नवऱ्याला स्वित्झर्लंड हवं होतं, मला पॅरिस. जेवणाच्या टेबलावर रोज "तुझ्या किती रात्री, माझ्या किती रात्री" असा हिशेब चाले. एकदा शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि दारातूनच परत फिरल्या. शेवटी निकाल लावला तो स्लॉटनं. फ्रान्सची तारीख मिळत होती, स्वित्झर्लंडची मिळत नव्हती. लग्नाला मुहूर्त लागतो तशी या अर्जाला अपॉइंटमेंट लागते, फरक एवढाच की इथं गुरुजींना दक्षिणा देऊन मुहूर्त अलीकडे ओढता येत नाही. सहा महिन्यांपेक्षा आधी अर्ज चालत नाही आणि पंधरा दिवसांपेक्षा उशिराही नाही.

मग फाइल. आमच्या एजंटनं जी यादी दिली ती वाचून सासूबाई म्हणाल्या, "एवढे कागद तर मुलगी बघायला आलेल्यांनीही मागितले नव्हते." पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. हॉटेलं, विमानाचं आरक्षण, नवऱ्याच्या आणि माझ्या कचेरीचं रजापत्र, प्राप्तिकराची विवरणपत्रं, बँकेची स्टेटमेंटं.

बँकेशी आमचं अडलं. सासूबाईंचा आर्थिक सिद्धांत असा, की बचत खात्यात पैसा दिसला की तो खर्च होतो. त्यामुळे पेन्शन जमा झाली की दुसऱ्या दिवशी तिची मुदत ठेव होते. त्यांचं स्टेटमेंट पाहून कुणालाही वाटावं, ही बाई महिन्यातून एकच दिवस सुखवस्तू असते. नवरा म्हणाला, "मी टाकतो तुझ्या खात्यात दोन लाख." एजंटनं हात जोडले. "साहेब, अर्जाच्या तोंडावर मोठी रक्कम आली की त्यांना संशय येतो."

"येणारच," सासूबाई म्हणाल्या. "मलासुद्धा आला असता. यानं स्वतःहून कधी दिलेत?"

नावांचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं. पूर्वी लग्नात मुलीचं आडनाव तर बदलायचंच, वर तांदळात नवं नाव लिहून तिचं पहिलं नावही बदलायचे. परिणाम असा, की सासूबाईंच्या शाळेच्या दाखल्यावर एक बाई आहे, पासपोर्टवर दुसरी, आणि बँकेत पहिलीचं नाव व दुसरीचं आडनाव धारण करणारी तिसरीच. तिघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र झालं. शंभर वर्षांपूर्वी जगभरच्या पासपोर्टांचा नमुना ठरवायला राष्ट्रसंघानं पॅरिसला परिषद भरवली होती, 1920 साली. त्या परिषदेत एखादी मराठी सासुरवाशीण बसवली असती तर फॉर्मवर दोन ओळी वाढल्या असत्या.

फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा, त्यात चेहऱ्यानं सत्तर ते ऐंशी टक्के जागा व्यापलेली, पार्श्वभूमी फिकी, चष्म्यावर चमक नको, ओठ मिटलेले. आमचा नाक्यावरचा फोटोग्राफर उभ्या आयुष्यात लोकांना "जरा हसा" म्हणत आला. शेंगेनच्या फोटोसाठी त्याला "काकू, हसू नका" म्हणावं लागलं, आणि तो असं म्हणतोय याचंच सासूबाईंना हसू येत होतं. शेवटी त्यानं युक्ती केली. "काकू, सिलिंडर कितीला झाला हो?" खटकन फोटो निघाला. त्यात सासूबाई कुठल्याही देशाला नकार देणाऱ्या अधिकाऱ्यासारख्या दिसत होत्या.

फी 90 युरो. 2024 च्या जूनपर्यंत 80 होती. सहा वर्षांखालच्या मुलांना फुकट, सहा ते बारा वर्षांपर्यंत अर्धी. सासूबाईंनी चौकशी केली, "आणि ज्येष्ठ नागरिकांना?" काही नाही. "आपली एसटी बरी. बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीनंतर फुकट." युरोपच्या बाजूनं बोलायला त्या क्षणी घरात कोणी नव्हतं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही, हे आम्ही त्यांना सांगितलंच नाही.

विमा मात्र त्यांनी स्वतः वाचला. किमान 30,000 युरोंचा लागतो, आणि त्यात आजारपण, इस्पितळ यांच्याबरोबर प्रवासात मृत्यू आल्यास देह मायदेशी पोचवण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मेल्यावरसुद्धा ठेवून घेत नाहीत म्हण की!"

त्यांना फाइलीचं मर्म तेव्हा कळलं. तिथं का जाताय, याचं उत्तर त्या सगळ्या कागदांकडून कुणी मागितलंच नव्हतं. आयफेल टॉवर बघायचाय एवढं सांगितलं की अधिकाऱ्यांचं समाधान. प्रश्न होता तो परत का येणार याचा. माझं आणि नवऱ्याचं सोपं होतं: नोकरी, गृहकर्जाचे हप्ते. कर्ज हा परत येण्याचा इतका भक्कम पुरावा आहे हे ते घेताना बँकेनं सांगितलं नव्हतं. सासूबाईंना मात्र ना नोकरी ना कर्ज. एजंट म्हणाला, "आजींच्या कव्हरिंग लेटरमध्ये जरा कारणं घाला. घर, नातेवाईक, काहीतरी बांधून ठेवणारं."

"लिही," सासूबाई म्हणाल्या. मी लॅपटॉप उघडला. "लिही की पावसाच्या आत कैरीचं लोणचं घालायचंय."

"आई, हे फ्रान्सच्या वकिलातीला जाणार आहे."

"मग? खोटं आहे का? मे संपायच्या आत कैऱ्या आल्या पाहिजेत, पहिला पाऊस पडला की त्यांना पाणी सुटतं. आठ घरांचं घालते मी. हप्ते काय, तुम्ही तिकडून मोबाइलवरूनही भराल."

मुद्दा बिनतोड होता. मी इंग्रजीत गंभीरपणे लिहिलं, की अर्जदार दर वर्षी पावसाळ्याआधी विस्तारित कुटुंबासाठी वार्षिक लोणचं घालतात, हे काम अन्य कुणावर सोपवता येत नाही, सबब त्या परत येतील. नवऱ्यानं ते वाचून डोकं धरलं, पण सही झाली होती.

व्हिसा केंद्रावर दहाही बोटांचे ठसे घेतात. एकदा दिले की 59 महिने पुन्हा द्यावे लागत नाहीत. साठ का नाहीत हे विचारायचं नसतं. माझे आणि नवऱ्याचे चटकन उमटले. सासूबाईंचे उमटेनात. जन्मभर भांडी घासून, पोळ्या भाजून, खोबरं खवून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. काउंटरवरची मुलगी मराठी निघाली. "आजी, जरा जोरात दाबा. हं, आता लोशन लावू. आता पुसू." मागची रांग सुस्कारे टाकू लागली. अखेर यंत्रानं हार मानून हिरवा दिवा दाखवला. "माझ्या आईचीही अशीच बोटं आहेत," ती मुलगी म्हणाली. त्या दिवशी कुणी आम्हाला काही न मागता सांगितलेलं ते एकमेव वाक्य.

पासपोर्ट परत आले ते व्हिसा चिकटवून. प्रवासाच्या दिवसांवर पंधरा दिवसांची मुदत जास्तीची होती. ती राहण्यासाठी नसते, तारखा पुढेमागे झाल्या तर असावी म्हणून असते. सासूबाईंनी ती भेट साफ नाकारली. "पंधरा दिवस उशीर? कैऱ्या पिकून आंबे होतील."

आंब्यांवरून आठवलं. युरोपात शिरताना फक्त माणसांवर अटी नाहीत, डब्यांवरही आहेत. बाहेरच्या देशातून दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही, म्हणजे साजूक तूप गेलं, पेढे गेले. फळांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणजे हापूसलाही व्हिसाच. सूट आहे ती पाच फळांना: अननस, केळी, खजूर, दुरियन आणि नारळ. नारळ! हे ऐकल्यावर सासूबाईंचं युरोपबद्दल पहिल्यांदाच बरं मत झालं. "काही झालं तरी धर्म समजतो त्यांना." बॅगेत एक असोला नारळ गेला. कशासाठी, हे आयफेल टॉवरच्या पायथ्याशी कळलं, पण तिथल्या सुरक्षारक्षकांना समजावताना माझं फ्रेंच किती तोकडं आहे तेही कळलं.

पॅरिसच्या विमानतळावरचा अधिकारी तरुण होता. सासूबाईंनी फाइल छातीशी धरलेली. त्यानं पासपोर्ट उघडला, तोंडाकडे पाहिलं, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली. आता ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्याच्या जागी यंत्रं येऊ लागली आहेत, ती ठसे आणि चेहरा टिपून घेतात. शिक्का मिळालेली बहुधा आमची शेवटची पिढी. पण सासूबाईंना शिक्क्याचं काय! "फाइल नाही बघितली?" त्या विचारत राहिल्या. "एकही कागद?"

पॅरिसबद्दल मी काही लिहीत नाही, ते सगळ्यांनी लिहिलंय. पण चौथ्या दिवशी न्याहारीला सासूबाईंनी जाहीर केलं, "ते शेंगेन कुठंय? ज्या गावच्या पाटलानं माझ्याकडून एवढे कागद घेतले ते गाव मला बघायचंय."

शेंगेन खरोखरच गाव आहे. लक्झेंबर्गच्या आग्नेय टोकाला, मोझेल नदीच्या काठी, जिथं लक्झेंबर्ग, जर्मनी आणि फ्रान्स या तिघांच्या हद्दी मिळतात. 14 जून 1985 ला पाच देशांच्या प्रतिनिधींनी तिथं नदीतल्या एका बोटीवर बसून आपापसातली सीमेवरची तपासणी बंद करण्याचा करार केला. युरोपीय समुदायात तेव्हा दहा देश होते, म्हणजे निम्मेच आले. प्रत्यक्ष नाकी उठायला 1995 उजाडलं. बोट अशासाठी, की तिथली मोझेल लक्झेंबर्ग आणि जर्मनीच्या सामाईक मालकीची आहे. बांधावरून भांडण नको असेल तर नदीत बसावं, हे कोकणातल्या भावकीला अजून सुचलेलं नाही.

पॅरिसहून लक्झेंबर्गला आगगाडीनं दोन तासांवर काही मिनिटं लागतात. तिथून पुढं बस फुकट. 2020 पासून त्या सबंध देशात बस, ट्राम आणि आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाला तिकीटच नाही. सासूबाई बसमध्ये बराच वेळ कंडक्टरची वाट बघत बसल्या. मग म्हणाल्या, "व्हिसाच्या पैशात धरलं असेल."

गाव एवढंसं. उतारांवर द्राक्षमळे, नदीकाठी कराराचं स्मारक, चांदण्या जडवलेले खांब, आणि ओळीनं पेट्रोलपंप. लक्झेंबर्गमध्ये पेट्रोल स्वस्त, म्हणून शेजारच्या दोन देशांतली माणसं टाकी भरायला इथं येतात. खुल्या सीमेचा एवढा मनापासून उपयोग मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. पाटलाचा वाडाही निघाला: एक जुनी गढी आहे, तिच्या बुरुजाचं चित्र 1871 साली व्हिक्टर ह्यूगोनं काढलं होतं. पाटील मात्र भेटले नाहीत.

मग आम्ही पूल ओलांडायला निघालो. पलीकडे जर्मनीतलं पेर्ल. आणि पुलाच्या त्या टोकाला चक्क पोलिसांची गाडी. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. लक्झेंबर्गनं नाराजी कळवली, पण ती सुरूच आहे. म्हणजे ज्या गावानं नाकी उठवली त्याच गावाच्या वेशीवर नाकं. मी मनातल्या मनात उपरोध जुळवत होते, तोवर सासूबाईंचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी अडवणारं दिसलं होतं.

पोलीस गाड्या बघत होता. पायी येणाऱ्या नऊवारीतल्या आजींना त्यानं हसून पुढं जायची खूण केली. सासूबाई थांबल्या. पर्समधून फाइल निघाली.

"आई, तो नको म्हणतोय."

"तो लाजतोय. त्याला सांग, सगळं आणलंय."

त्यानं सभ्यपणे फाइल हातात घेतली. विमा उलटला, प्रतिज्ञापत्र उलटलं, फोटो पाहून किंचित सावध झाला. मग कव्हरिंग लेटरवर थांबला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. सहकाऱ्याला बोलावून बोट ठेवून दाखवलं. दोघं वाकून वाचू लागले.

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"विचारतोय, लोणच्यात नक्की काय काय घालता."

सासूबाईंनी पदर खोचला. "त्याला म्हणावं लिहून घे. मोहरीची डाळ आधी. आणि मीठ भाजून घ्यायचं, त्यात आळस नाही करायचा." त्यानं खरोखरच खिशातून वही काढली. मी भाषांतर करत होते. हिंगाशी आम्ही बराच वेळ अडकलो, आणि पुलावर आमच्या मागं लक्झेंबर्गहून पेट्रोल भरून परतणाऱ्या गाड्यांची रांग पार पंपापर्यंत गेली.