शिवाजी पेठेत इस्रायल

"वैनी, ते इस्रायल म्हंजे केवढं गं? आपल्या जिल्ह्याएवढं तरी हाय का?"

आक्का असा प्रश्न विचारतात तेव्हा मागे काहीतरी घडलेलं असतं. आमच्या आणि त्यांच्या परसात छातीएवढी भिंत आहे. सकाळची भांडी आटोपली की त्या भिंतीवर कोपरं टेकून आम्ही दोघी जगाचा कारभार बघतो. आज बातमी पेठेतलीच होती. आदल्या रात्री अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ आक्कांचा नातू आणि त्याचा तालमीतला जिवलग दोस्त यांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. पोरगी नाही, पैसे नाहीत, फुटबॉलची मॅचसुद्धा नाही. नातवानं स्टेटसला पॅलेस्टाइनचा झेंडा ठेवलेला आणि दोस्तानं इस्रायलचा.

"दोघांनाबी घरात बसवून विचारलो, कुठं हाय ते दाखवा नकाशात. एकानं बोट इराणवर ठेवलं, दुसऱ्यानं आफ्रिकेवर."

(आक्का अस्सल कोल्हापूरच्या, त्यामुळे त्या विचारलो, आलो, गेलो असंच बोलतात. मी अलिबागची. पेठेत इतकी वर्षं काढली तरी मला ते जमलेलं नाही.)

"कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटर," मी म्हटलं. "इस्रायल बावीस हजारांच्या आसपास. आपले तीन जिल्हे शेजारी ठेवले की त्यात बसतंय, वर एखादा तालुका शिल्लक राहील. माणसं एक कोटीच्या आसपास."

"एवढंच? आणि रोज पेपरात?"

आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या, पण पेपर पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत वाचतात. त्यांचा हिशेब सरळ असतो: जेवढं गाव तेवढा बोभाटा. इथं तो जुळत नव्हता.

मग मी त्यांना मॅटी फ्रीडमनचं सांगितलं. हा असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचा जेरुसलेममधला जुना बातमीदार. २०१४ साली त्यानं लिहिलं की तो कामाला होता तेव्हा एवढ्याशा टापूसाठी संस्थेची चाळीसहून जास्त माणसं होती. चीनमध्ये, रशियात, भारतात एवढी नव्हती. सहारा वाळवंटाखालचे आफ्रिकेतले पन्नास देश एकत्र धरले तरी तिथंही नव्हती.

"चाळीस! अगं, आपल्या पेठेत चाळीस बातमीदार सोडले तर कुणाच्या सुनंनं चहात साखर कमी घातली तेबी पहिल्या पानावर येईल." आणि लगेच डोळे बारीक करून, "हा फ्रीडमन कुठला?"

"कॅनडात जन्मलेला, इस्रायलमध्ये राहणारा. ज्यू."

"म्हंजे घरचाच माणूस. घरचा माणूस असंच सांगणार."

आक्कांना वकिलीला घालायला हवं होतं. एपीनं त्याचे आरोप नाकारले होते, हेही मी सांगून टाकलं. पण त्याला सोडा म्हटलं, संयुक्त राष्ट्रांचं बघा. तिथली मानवी हक्क परिषद २००६ साली सुरू झाली. सत्तेचाळीस देश सभासद. २००७ साली त्यांनी आपल्या बैठकांची कायमची विषयपत्रिका ठरवली, दहा कलमांची. जगात कुठंही अत्याचार होवोत, सुदान, म्यानमार, उत्तर कोरिया, सगळ्यांना मिळून एक कलम, चौथं. आणि सातवं कलम एकट्या पॅलेस्टाइन आणि इस्रायलनं व्यापलेल्या अरब भागांसाठी राखीव. दुसऱ्या कुठल्याही जागेला असं कायमचं कलम नाही. त्या वेळचे सरचिटणीस बान की-मून यांनीसुद्धा यावर नाराजी बोलून दाखवली होती.

"आणि आपण? आपलं सरकार?"

"आपण १९७५ साली हात वर केला होता." त्या वर्षी १० नोव्हेंबरला आमसभेत ठराव झाला की ज्यूंना स्वतःचा देश हवा हा विचार म्हणजेच वंशद्वेष. भारतानं ठरावाच्या बाजूनं मत दिलं. तो रद्द करायचा ठराव डिसेंबर १९९१मध्ये आला, तेव्हा भारतानं रद्द करण्याच्या बाजूनं मत दिलं आणि पुढच्याच महिन्यात, २९ जानेवारी १९९२ला, इस्रायलशी पुरते राजनैतिक संबंध जोडले. मान्यता तर १९५०मध्येच दिलेली होती. दार उघडायला बेचाळीस वर्षं लागली.

"पंच्याहत्तर म्हंजे आणीबाणी की," आक्का म्हणाल्या. "हितं पेपरवाल्यांच्या तोंडाला फडकं बांधलेलं आणि तिकडं आपण दुसऱ्याला नावं ठेवायला हात वर!"

यावर मला काही सुचलं नाही. आक्का मात्र पेटल्या होत्या.

"बरं, मग दुसरीकडं काय चाललंय ते सांग की. तुझ्या त्या चौथ्या कलमात कोण कोण हाय?"

मी सुदान म्हटलं. एप्रिल २०२३मध्ये तिथं लष्कर आणि निमलष्करी दल आपसात जुंपले. एक कोटीहून जास्त माणसं घरदार सोडून पळाली. अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत पावणेएकोणचाळीस लाख होती, तेव्हा करा हिशेब. ऑक्टोबर २०२५मध्ये दारफूरमधलं अल फाशेर शहर पडलं आणि तिथं कत्तली झाल्या. त्याआधी काँगो. १९९८पासून पुढच्या दहाएक वर्षांत लढाई, उपासमार आणि रोगराई मिळून तिथं पन्नास लाखांवर माणसं गेली असा अंदाज आहे. गाझासाठी ठोकले तसे तंबू त्यासाठी कुठल्या विद्यापीठात ठोकले गेल्याचं मी वाचलेलं नाही.

आणि लांब कशाला जायचं? मे २०२३मध्ये मणिपूर पेटलं. अडीचशेवर माणसं मेली, साठ हजार छावण्यांत गेली. तिकडं जायला आपल्या वाहिन्यांना फुरसत मिळेना. ऑक्टोबरात इस्रायलवर हल्ला झाला आणि तीच मंडळी जाकिटं घालून तेल अवीवच्या रस्त्यावर सायरनबरोबर धावताना दिसली. म्हणजे हा रोग नुसता गोऱ्यांचा नाही.

आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते समदं खरं. पण मग गाझातली पोरं मेली ती खोटी काय?"

"खोटी कशी असतील?"

"न्हाई, तू ज्या तऱ्हेनं सांगतीस त्यावरनं वाटाय लागलं, की दुसरीकडं लई मेलीत, मग हितल्यांचं कशाला बोलायचं."

हे मात्र मला लागलं, कारण हा हिशेब मांडणाऱ्या बहुतेकांचा शेवट तिथंच होतो. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासनं सुमारे बाराशे माणसं मारली आणि २५१ ओलीस नेली. त्यानंतर गाझात मेलेल्यांचा तिथल्या आरोग्य खात्याचा आकडा साठ हजारांच्या वर गेला. सुदानकडं कुणी बघत नाही म्हणून यातलं एकही प्रेत कमी होत नाही. शिवाय या युद्धात गाझामध्ये परदेशी बातमीदाराला स्वतःच्या पायानं फिरायची मुभा इस्रायलनं दिली नाही. जे पत्रकार आतून बातम्या देत राहिले ते तिथलेच होते आणि त्यांतले दीडशेहून जास्त मारले गेले. जगाचं सगळं लक्ष जिथं आहे असं आपण म्हणतो, तिथंच आत बघायला बंदी. नजर जास्त आहे म्हणून कुरकुर करायची आणि दारही लावून घ्यायचं, हे मला पटत नाही.

"आणि अमेरिका दरवर्षी ३८० कोटी डॉलर देते त्यांना लष्करासाठी," मी म्हटलं. "२०१६मध्ये दहा वर्षांचा करार झालाय. तेव्हा तिथली पोरं म्हणतात, आमच्या करातून बॉम्ब जातात, आम्ही बोलणार. त्यांचंही चुकतं असं कसं म्हणू?"

"मग तुझं म्हणणं काय हाय नेमकं?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण आक्काच माधुरीवर घसरल्या. नांदणीच्या जैन मठाची हत्तीण, महादेवी ऊर्फ माधुरी. २०२५च्या जुलैत हायकोर्टाचा आणि मग सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि तिला गुजरातेत जामनगरला अंबानींच्या वनतारात नेलं. अख्खा जिल्हा खवळला. पेठेतसुद्धा घराघरांत जिओची सिमकार्डं बदलली. ऑगस्टमध्ये नांदणीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत हजारो माणसं मुकाट चालत आली. आक्का स्वतः रस्त्यावर पाण्याच्या बाटल्या वाटत होत्या.

"त्याच वक्ताला माझी धाकटी नणंद आजऱ्यास्नं फोन करून रडत हुती. रानहत्ती शिरला, ऊस तुडवला, केळी मोडली. वीसेक वर्षं झाली, आजरा-चंदगडला हत्ती येत्यात. त्यांच्यासाठी कोण चाललंय गं मोर्च्यात? मी तरी कुठं गेलो?"

"का गेला नाहीत?"

"आता खरं सांगू? माधुरीचं नाव ठावं हुतं. तिला बघितलेलं, हात लावलेला. आणि समोरचा माणूस अंबानी. एवढा मोठा माणूस समोर असला की भांडायला उमेद येते. आजऱ्याच्या हत्तीसंगं भांडायचं म्हंजे फॉरेस्टच्या गार्डासंगं भांडायचं. त्यात काय राम हाय?"

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. जेरुसलेम हे नाव जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांना देवाच्या गोष्टीतून लहानपणापासून ठाऊक आहे. अल फाशेर कुणाला ठाऊक आहे? बातमीदाराला जेरुसलेमच्या हॉटेलात राहून संध्याकाळपर्यंत बातमी पाठवता येते, दारफूरमध्ये जीव मुठीत धरावा लागतो. समोर अमेरिका असली की लढणाऱ्याला चेव येतो. आणि ज्यूंकडं बोट दाखवायची युरोपातली शेकडो वर्षांची सवय, ती यात मिसळलेली नाही असं कुणी म्हणत असेल तर मी मानणार नाही. या सगळ्यात त्या सवयीचा वाटा किती, हे मला मोजता येत नाही. सगळा वाटा तिचाच, असं म्हणणारे वकील मला आवडत नाहीत; तिचा वाटाच नाही म्हणणारे त्याहून कमी.

"तुझ्या माहेरी ज्यू हायेत म्हणून तू त्यांच्या बाजूची," आक्कांनी टोला हाणलाच.

असेनही. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथं मागेन अबोथ हे त्यांचं प्रार्थनास्थळ. त्यांच्या सांगण्यानुसार त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढे ती माणसं तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. सिनेमातले डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, त्यांच्यातलेच. मुंबईचे महापौर झालेले डॉक्टर ई. मोझेस त्यांच्यातलेच.

१९४८नंतर ती मंडळी इस्रायलला जायला लागली. नातवाच्या दोस्ताला वाटतं तिकडं सगळे कमांडो, नातवाला वाटतं तिकडं सगळे युरोपातनं आलेले गोरे. वाळवंटातल्या डिमोनाला उतरलात तर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या मराठीत सुनांची उणीदुणी काढताना सापडतील. 'मायबोली' नावाचं मराठी मासिक तिथं निघत आलंय.

"आणि त्या लोकांनी तिथं काय सोसलं ते कुणाला माहीत आहे का, आक्का? पन्नास-एकावन्नच्या सुमारास गेलेल्यांतल्या काहींनी काळे म्हणून कमी लेखतात असं सांगत धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले. काही जण परत आलेही. मग १९६२मध्ये तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फतवा काढला, की या मराठी ज्यूंची लग्नं लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. म्हणजे दोन हजार वर्षं शनिवार पाळला तो मोजलाच नाही! १९६४च्या उन्हाळ्यात ही माणसं बायकापोरांसकट जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसली. शेवटी संसदेला ठराव करावा लागला की हे पुरते ज्यू आहेत. धर्मगुरूंना माघार घ्यावी लागली."

"आपल्या माणसांनी इस्रायलला नमवलं? आणि मला ठावं न्हाई?"

"तुम्हालाच काय, इस्रायलला रोज शिव्या घालणाऱ्यांना ठाऊक नाही आणि रोज आरती ओवाळणाऱ्यांनाही नाही. दोघांच्याही कामाची नाही ती गोष्ट."

आक्कांना यावरून वळिवडं आठवलं. १९४३ ते ४८ पोलंडची पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, रशियानं घराबाहेर काढलेली, कोल्हापूरच्या त्या छावणीत राहिली. आता तिथं गांधीनगर आहे, पुढे सिंधी निर्वासित आले. "सासूबाई सांगायच्या, मडमा टांग्यातनं महाद्वार रोडला यायच्या, चपला घ्यायच्या. पाच वर्षं हितं हुत्या. त्यांचं तरी कुणी कुठं छापलं?"

एवढ्यात नातू दात घासत मागच्या दारात आला. रात्रीच्या भांडणाची खूण म्हणून शर्टाचं एक बटण गायब. आक्कांनी त्याला तिथंच धरलं.

"ये हिकडं. वैनी म्हणत्यात सुदानमध्ये कोटभर माणसं बेघर झाल्यात. त्याचं स्टेटस कुणी ठेवलंय तुमच्यात?"

नातवानं तोंडातला फेस थुंकला. "सुदानचा झेंडा कसला असतोय?"

"ते मला काय विचारतोस? हातात आठ हजाराचा फोन हाय न्हवं?"

त्यानं फोन काढला, शोधलं, मान वाकडी केली आणि फोन आडवा-उभा धरून बघितला.

"आजी, ह्यो तर सेमच हाय की गं. तांबडा, पांढरा, काळा, हिरवा. नुसते रंग हिकडचे तिकडं केल्यात."

"मग लाव तर," आक्का म्हणाल्या. "तालमीत कुणाला कळणार न्हाई."